नुसते ‘सुटली का?’ विचारू नका



मुलगा दारूवरील उपचारांना गेला की आपण एकच विचारतो, सुटली का? ती हराम आहे हे त्याला ठाऊकच असते. त्याला झोप लागते का, हे मात्र कोणी पुसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. तीत झोप, दुखणी, पैसा, मित्र, राहते घर, सारे येते. दारूविषयी एकही प्रश्न नाही! तरी व्यसनमुक्तीच्या रुग्णांसाठीही ती वापरतात. बाटली सुटली, पण काम नाही, बोलायला माणूस नाही, तर पाय पुन्हा गुत्त्याकडेच वळतात.

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणात कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतात. आपल्याकडे मात्र बहिणीचा रिश्ता मोडेल म्हणून त्याला पाहुण्यांपासून लपवतात. त्याला दस्तरखानावर शेजारी बसवा, दुकानाचा हिशेब हाती द्या.