कानाने वाचणे, बोटांनी वाचणे



महोत्सवी निधीतून अंध विद्यार्थ्यांसाठी संगणक घ्यावेत, असा विचार आपल्या संस्थेत चालू आहे. विचार उत्तमच आहे. मात्र त्याबरोबर एक वाक्य हल्ली आमच्या कानी वारंवार येते : ‘आता यंत्रच वाचून दाखवते, मग ब्रेल कशाला?’ या वाक्याशी आमचे भांडण आहे.

यंत्राने मोठी सोय केली, यात वाद नाही. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. मुलाने एका कानात इअरफोन घालावा, दुसरा कान शिक्षकांकडे ठेवावा. शिक्षकांनीही फळ्याकडे बोट दाखवून ‘यातून हे वजा केले’ म्हणून भागत नाही. लिहाल ते बोलावे लागते. डोळस मुलांचाही त्यात लाभच आहे.

पण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच. शुद्धलेखन केवळ ऐकून यायचे कसे? ब्रेलमध्ये ‘इ’ म्हणजे दुसरा व चौथा ठिपका, ‘ई’ म्हणजे तिसरा व पाचवा. बोटाची फसगत होत नाही. शिवाय १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचे ठिपके एकच. घरी मराठी आणि शाळेत गुजराती अशा आपल्या बडोद्याच्या मुलाला दुसरी लिपी नव्याने गिरवावी लागत नाही. ही सोय डोळसांनाही नाही! तेव्हा संगणकाशेजारी ब्रेलची पाटी हवी, आणि ती शिकवणारा शिक्षक तर हवाच हवा. निधीचा पहिला वाटा त्याच्या वेतनाकडे जावा, असे आमचे मत आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. पुष्कळ मराठी मजकूर अजूनही जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप केलेला असतो. दिसायला तो मराठी. आत मात्र इंग्रजी अक्षरे व चिन्हे. यंत्र बिचारे आत असेल ते वाचते, आणि मुलाच्या कानी निरर्थक बडबड पडते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यात टाइप केलेले यंत्राला नीट वाचता येते. पानाचा नुसता फोटो काढून पाठवला तर एवढी आज्ञावली त्यातली अक्षरे ओळखीत नाही. आधी ती दुसऱ्या साधनाने ओळखून घ्यावी लागतात, आणि त्या कामात जोडाक्षरे चुकतात, म्हणून कोणीतरी तपासावे लागते.

हे काम पैशाचे नव्हे, चिकाटीचे आहे. आपल्यात टाइपिंग जाणणारी निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी पाठ्यपुस्तकांचा एकेक धडा वाटून घ्यावा. मात्र आरंभ या स्मरणिकेपासून व्हावा : छापखान्याकडून तिची युनिकोड प्रत आजच मागून घ्यावी, अशी चिटणीसांना विनंती आहे.