काम कुणाचं ते आधी बोला

वैमानिक म्हणजे टायवाला साहेब, त्याला कसली आलीय युनियन, असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेत त्यांची युनियन १९३१ पासून आहे. आणि तिथं करारात नुसतं पगाराचं भांडण नसतं. एक कलम असतं, स्कोप क्लॉज. कंपनीच्या नावाचं विमान कुणी उडवायचं, बाहेरच्या स्वस्त कंपनीला किती सीटांपर्यंतचं द्यायचं, ते त्यात ठरतं. २००१ नंतर कंपन्यांनी दिवाळखोरीचा बडगा दाखवून हे कलम सैल करून घेतलं.

वाद युनियनच्या आतच आहे. सीनियर म्हणतो, छोटी विमानं जाऊ द्या, आमचा पगार वाढवा. नवा पोरगा म्हणतो, आज छोटं गेलं, उद्या मोठं जाईल. मी कुठं जाऊ?

१२ फेब्रुवारी २००९. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचं, उडवणारी कंपनी कोल्गन. बफेलोजवळ विमान कोसळलं, ५० माणसं मेली. चौकशीत कॅप्टनची चूक निघाली, खरंय. पण हेही निघालं, की सहवैमानिक बाई रात्रभर प्रवास करून सिएटलहून नेवार्कला कामावर आली होती. नाव एकाचं, राबणारा दुसऱ्याचा. मग जबाब कुणी द्यायचा?

ठेकेदारी फक्त गटारात उतरत नाही दोस्तहो, ती ढगातही चढते. म्हणून करार वाचताना पगाराचा आकडा नंतर बघा. काम कुणाच्या हातात राहणार, ते आधी विचारा. जो आपल्या मागच्याचं काम विकून स्वतःची वाढ घेतो, त्याचाही नंबर लागतोच.