कॅमेऱ्याचे भिंग कसे निवडावे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर विचार ऐकता. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. जुन्या घाटाच्या नव्या कॅमेऱ्यासाठी भिंग, म्हणजे लेन्स, कशी निवडावी, हा तो विषय. ‘मास्तर, हा श्रीमंतांचा शौक, आम्हाला त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या घरी आला तो एका आईच्या सोन्याच्या पाटल्या घेऊन. म्हणून तो आपल्यासमोर मांडतो आहे.

माझी एक माजी विद्यार्थिनी वाणिज्य शाखेत शिकते. तिच्या आखातात नोकरीला असलेल्या भावाने सुट्टीवर येताना तिला ‘निकॉन झेड एफसी’ हा कॅमेरा आणला. आपल्याकडील लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष छायाचित्रकार नको, असे पुष्कळ घरांना वाटते. त्यामुळे या मुलीला मेंदीच्या, हळदीच्या कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. अशात कोणीतरी तिच्या मनात भरवून दिले की, सत्तर ते दोनशे मिलिमीटरचे मोठे झूम भिंग असल्याशिवाय लग्नाचे काम होत नाही. त्याची किंमत लाखांत. मुलगी व्याजाचे कर्ज काढायला निघाली, तर अम्मी म्हणाली, ‘व्याज नको, माझ्या पाटल्या मोड.’ दोघी मला विचारायला आल्या. शाळेच्या समारंभांची छायाचित्रे मीच काढतो, एवढाच माझा अधिकार. छायाचित्रणाविषयी ज्यांच्या मनात धार्मिक संकोच आहे, त्यांच्या मताचा मला आदर आहे. पण ज्यांना हा व्यवसाय करायचाच आहे, त्यांनी आपला पैसा तरी पारखून खर्च करावा, असे मला वाटते.

प्रथम कॅमेऱ्याविषयी थोडे. निकॉनचा एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा १९८२ साली निघाला. त्याच्याच रूपाचा, डोक्यावर तशाच चकत्या असलेला झेड एफसी २०२१ मध्ये व झेडएफ २०२३ मध्ये बाजारात आला. फुजीफिल्मच्या एक्स मालिकेतही असेच कॅमेरे आहेत. बाहेरून जुने दिसले तरी आतून ते अगदी आधुनिक. त्यांत आरसा नसतो. भिंगातून आलेला प्रकाश थेट संवेदकावर पडतो. त्यांचे रूप मोहक आहे आणि नेमके तेथेच गिऱ्हाईक फसते. कॅमेरा रूपावर घेतला, तर भिंगही रूपावर किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावर घेतले जाते. चित्र मात्र भिंगच घडवते.

मी त्या मुलीसमोर तीन प्रश्न ठेवले. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही ते लिहून घ्या.

पहिला प्रश्न : तुम्ही किती अंतरावरून पाहता? भिंगावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दूरचे जवळ. परंतु झेड एफसीचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे. म्हणून त्यावर प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे लागते. २८ मिलिमीटरचे भिंग ४२ सारखे दिसते, ४० चे ६० सारखे. झेडएफचा संवेदक पूर्ण चौकटीचा असल्याने तेथे हा गुणाकार नाही. हे हिशोबात न धरता भिंग घेतले, तर खोलीतली माणसे चौकटीबाहेर राहतात.

आता आपले मेंदीचे कार्यक्रम होतात कोठे? घरच्या माजघरात, नाही तर लहानशा हॉलमध्ये. तेथे दोनशे मिलिमीटरच्या भिंगासाठी मागे सरकायचे म्हटले तर भिंत आड येते. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १६ ते ५० मिलिमीटरच्या झूम भिंगाने काढलेली सर्व चित्रे मी तिला चाळायला सांगितली. प्रत्येक चित्राच्या माहितीत नाभीय अंतर नोंदलेले असते. तिने वहीत रकाने आखून मोजदाद केली. निम्म्याहून अधिक चित्रे २४ ते ४० च्या दरम्यान निघाली. तिला कोणते भिंग हवे, हे तिच्याच वहीने सांगितले.

दुसरा प्रश्न : प्रकाश किती आहे? भिंगाचे छिद्र किती उघडते, हे ‘एफ’च्या आकड्याने कळते आणि येथे आकडा लहान तितके छिद्र मोठे. तिचे झूम भिंग ५० मिलिमीटरवर एफ ६.३ पर्यंतच उघडते. ४० मिलिमीटरचे एक साधे भिंग एफ २ पर्यंत उघडते. दोन्ही आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग करा. प्रकाश सुमारे दहापट येतो, असे उत्तर मिळेल. म्हणजे जे चित्र एरवी १/१३ सेकंद घेईल आणि हातांच्या हालचालीने पुसट होईल, ते १/१२५ सेकंदात स्वच्छ येते. मात्र छिद्र पूर्ण उघडले की स्पष्टतेची खोली कमी होते. नवरीचा चेहरा नेटका आणि शेजारच्या बहिणीचा धूसर, असे होऊ शकते. घोळक्याचे चित्र काढताना छिद्र आवळावेच लागते.

तिसरा प्रश्न : हाताला काय झेपते? जुन्या घाटाच्या या कॅमेऱ्यांचा पुढचा भाग सपाट असतो, धरायला मोठी मूठ नसते. बॅटरीसह झेड एफसीचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या आत आहे. मोठे झूम भिंग त्याहून कितीतरी जड. चार तास ते पेलताना मनगट भरून येईल. २८ व ४० मिलिमीटरची छोटी भिंगे प्रत्येकी पावणेदोनशे ग्रॅमच्या आत आहेत. ४० चे भिंग २९ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकते, तेव्हा मेंदीचा हातही चांगला टिपता येतो. याच भिंगांची जुन्या रूपाची एसई आवृत्तीही मिळते. तिची आतली काच साध्या आवृत्तीचीच आहे. केवळ रूपासाठी अधिक पैसे मोजायचे की नाही, हे प्रत्येकाने ठरवावे. आपल्याकडे अशा खर्चाला इसराफ हा शब्द आहे.

मोठे झूम भिंग निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणत नाही. क्रिकेटचे मैदान, मोठ्या रंगमंचावरचा कार्यक्रम, येथे त्याला पर्याय नाही. असे काम क्वचितच येत असेल, तर भिंग एका दिवसासाठी भाड्याने घ्यावे.

आता पालकांसाठी एक गोष्ट. आपल्या कोकणातल्या अनेक घरांत, कोणा मामूने किंवा चाचाने कुवेत-दुबईहून आणलेला फिल्मचा कॅमेरा पेटीत पडून असतो. तो टाकून देऊ नका. निकॉनच्या जुन्या एफ जोडणीत भिंग फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर बसते. नव्या झेड जोडणीत हे अंतर १६ मिलिमीटर आहे. मधले ३०.५ मिलिमीटर एका कड्याने भरून काढले की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालते. स्पष्टता हाताने साधावी लागते, पण कॅमेरा पडद्यावर दृश्य मोठे करून दाखवतो. शिवाय छिद्राचे कडे जुन्या भिंगावरच असल्याने विद्यार्थ्याला ते फिरवता फिरवता प्रकाशाचे गणित कळते.

येथे माझी चूक सांगितली पाहिजे. एका दुकानातून मी ५० मिलिमीटरचे जुने भिंग स्वस्तात घेतले. घरी आल्यावर विजेरीच्या उजेडात पाहिले, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! साफ करून घ्यायला भिंगाच्या किमतीहून जास्त खर्च आला, तरी डाग राहिलेच. जुने भिंग घेताना विजेरी लावून आरपार पाहावे, छिद्राच्या पात्यांवर तेल नाही ना ते तपासावे, कडी फिरवून बघावीत. पावसाळ्यात भिंग चामड्याच्या पाकिटात किंवा बंद कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, स्नेलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकता. स्नेल सतराव्या शतकातला. पण प्रकाशाच्या वक्रीभवनाचे हेच सूत्र बगदादच्या इब्न सहल यांनी ९८४ च्या सुमारास भिंगांवरील आपल्या ग्रंथात मांडले होते. त्यांच्यानंतर बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे तोवर अनेक थोर पंडित मानत. इब्न अल-हैसम यांनी ते मान्य केले नाही; वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे दाखवले. २०१५ या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात जगाने त्यांच्या कार्याचे स्मरण केले. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः तपासून पाहण्याची त्यांची सवय उचलली नाही, तर त्या अभिमानाचा उपयोग काय? त्या मुलीने वहीत रकाने आखले, तेव्हा ती माझ्या मते त्यांच्याच वाटेने गेली.

शेवटी तिने ४० मिलिमीटरचे एकच भिंग घेतले, तेही मेंदीच्या कामातून साठवलेल्या पैशांतून. रुंद दृश्यासाठी जुने झूम भिंग होतेच. अम्मीच्या पाटल्या अम्मीच्या हातात राहिल्या.

पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलाने महागडी वस्तू मागितली तर लगेच रागावू नका आणि लगेच दागिनाही काढू नका. त्याला महिनाभर मोजदाद करायला सांगा. कॅमेरा असो, संगणक असो की क्लासची फी, आपली गरज ज्याने स्वतः मोजली, त्याला दुकानदार सहसा फसवू शकत नाही.