म्हैसूरचे झरोके

जुन्या इमारतींचे ऊर्जाबचतीसाठी नूतनीकरण आणि त्यात उष्णता परत मिळवणारी यांत्रिक वायुवीजन व्यवस्था, हा आपल्या परिषदेचा विषय. तो म्हैसुरात चर्चेला यावा याचा मला विशेष आनंद आहे, कारण या शहराची आखणीच हवेच्या प्रश्नातून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे प्लेग आला आणि दाट, कोंदट वस्त्यांची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली. संस्थानाचे प्लेग कमिशनर होते विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमकडच्या मराठी घराण्यातले. पुढे 1906 ते 1909 ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि 1907 मध्ये त्यांच्या कारकिर्दीत विधान परिषद स्थापन झाली. त्रावणकोर आणि बडोदा या संस्थानांचीही दिवाणगिरी केलेल्या या माणसाचे नाव आज आपल्या मराठी घरांतूनही फारसे कानावर येत नाही, याची खंत वाटते. ते दिवाण होण्याआधीच, 1903 मध्ये, शहरात नगरसुधारणा मंडळ आले. नव्या वस्त्यांत रस्ते रुंद झाले आणि घरांच्या मागून सफाईच्या गल्ल्या सोडल्या गेल्या. त्या गल्ल्यांमुळे घराला दोन्ही अंगांनी वारा मिळाला.

हवेच्याच संदर्भात आमच्या म्हैसूरच्या प्राच्यविद्या ग्रंथालयाविषयीही थोडे बोलू द्यावे. 1891 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत तंजावर भागातल्या एका पंडिताने आणून दिलेली ताडपत्रे आर. शामशास्त्री यांनी 1905 मध्ये ओळखली आणि हरवलेला मानला गेलेला कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ जगाला परत मिळाला. 1909 मध्ये तो छापला गेला. त्यातल्या घरांविषयीच्या प्रकरणात दोन घरांमध्ये अंतर सोडावे आणि उजेडासाठी उंचावर लहान वातायन ठेवावे असे सांगितले आहे. खिडकीला वातायन म्हणजे वाऱ्याची वाट म्हणणारी भाषा आपली आहे. येथल्या जुन्या घरांतली तोट्टी म्हणजे आपल्या वाड्याचा चौकच. तापलेली हवा वर चढून त्यातून आणि छपराजवळच्या झरोक्यांतून निघून जाते, खालून गार हवा येते. नूतनीकरणात मात्र आधी खोटे छत बसते आणि झरोके बुजतात, मग सरकत्या काचा येतात, मग वातानुकूलन यंत्र. हे यंत्र तीच हवा फिरवत राहते, ताजी आणत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की म्हैसुरात आधी झरोके मोकळे करावेत, उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्राचा विचार त्यानंतर. यंत्राचा अनादर म्हणून मी हे म्हणत नाही. 1991 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे पहिले पॅसिव्ह हाऊस, म्हणजे फार थोड्या ऊर्जेत भागणारे घर, उभे राहिले, तेथे या यंत्राची योग्यता सिद्ध झाली आहे. माणशी ताशी 30 घनमीटर हवा धरली आणि आतबाहेर 20 अंशांचा फरक असला, तर सुमारे 200 वॅट उष्णता बाहेर जाते. यंत्राने 80 टक्के परत मिळवली तर 160 वॅट वाचतात आणि त्याचे पंखे खातात 13-14 वॅट. उष्मापंप असला तरी पन्नासेक वॅट वीज वाचते, तीही हिवाळाभर, रात्रंदिवस. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बाहेर 34 आणि आत 26 अंश धरले, तर परत मिळतात 64 वॅट. वातानुकूलनाच्या विजेत त्याचे जेमतेम 21 वॅट होतात आणि पंखे मात्र पूर्वीइतकेच, 13-14 वॅट, खातात. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार होते, तेव्हा खिडकी उघडणे हीच मोठी बचत.

यावर कोणी म्हणेल, हवेतला दमटपणा या हिशेबात कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. मुंबई-मंगळुरूसारख्या किनाऱ्यावर, बंद आणि गर्दीच्या कार्यालयात, उष्णतेबरोबर ओलही अदलाबदल करणारे यंत्र नक्कीच अधिक कमावते. रहदारीच्या रस्त्यावर धूळ आणि कर्ण्यांमुळे खिडकी उघडता येत नसेल, तेथे गाळणी लावलेला पंखा तरी हवाच. आणि ताडपत्रांच्या खोलीत पावसाळी वारा थेट घेऊन कसे चालेल? तेथे दार बंदच हवे. माणसे थोडी, म्हणून ताजी हवाही थोडी लागते. तेवढ्यासाठी ओल अडवणारे यंत्र आणि जोडीला आर्द्रता शोषणारे उपकरण बसवावे. पण एका खोलीची गरज साऱ्या इमारतीवर लादून झरोके बुजवू नयेत, एवढीच विनंती.

आता व्यवस्थेतल्या उणिवांबद्दल क्षमा मागतो. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, म्हणून काही पाहुण्यांना दोन ठिकाणी वाटून ठेवावे लागले. त्यांच्या ने-आणीत सकाळी उशीर झाला, तो दोष आमच्या स्वागत समितीचा आहे. आपल्यापैकी अनेकांना येथले जेवण थोडे तिखट लागेल. तिखट कमी घालायला स्वयंपाकघरात सांगून ठेवले आहे, तरी ताकाची सोय दोन्ही वेळा आहे. धान्य देणारे व्यापारी बंधू, मंडप आणि वाहने विनामोबदला देणारे हितचिंतक, पाहुण्यांसाठी घरे उघडणारी कन्नड आणि मराठी कुटुंबे, पहाटेपासून राबणारे स्वयंसेवक आणि रात्री उशिरापर्यंत भांडी घासणाऱ्या भगिनी यांचे ऋण मोठे आहे. देणगीदारांपैकी कित्येकांनी नाव घेऊ नये असे बजावले आहे, तेव्हा त्यांना येथूनच नमस्कार करतो. या सभागृहाच्या वरच्या झडपा आम्ही मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. रस्त्याचा आवाज आत येईल, तो कृपया सहन करावा. मागच्या रांगांना ऐकू आले नाही तर हात वर करावा, स्वयंसेवक ध्वनिक्षेपक जवळ आणून देतील.