परराष्ट्रसंबंधांचे शिक्षण आणि अर्जांची यादी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी गुणगौरव समारंभप्रसंगी कबनूर येथे केलेले भाषण)



बक्षीस समारंभ आटोपल्यावर चार शब्द बोलण्याची कामगिरी कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविली आहे. पंगतीची वेळ जवळ येत आहे याची आम्हांस जाणीव आहे. तथापि विषय नवा असल्याने थोडा अधिक वेळ घेतल्यास आपण क्षमा कराल, अशी आशा आहे.

बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाची आपल्या घरांतील उत्तरे ठरून गेलेली आहेत. गुण भरपूर असतील तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, बरे असतील तर वस्त्रोद्योगाची पदवी अथवा पदविका, बेताचे असतील तर बी. कॉम. आणि घरच्या मागांचा हिशेब. अलीकडे मात्र दोन-तीन मुलांनी येऊन आम्हांस निराळेच सांगितले. 'आम्हांला आंतरराष्ट्रीय संबंध शिकावयाचे आहेत,' असे ती म्हणाली. त्यांच्या मागोमाग त्यांचे वडील आले आणि त्यांनी विचारले, 'गुरुजी, हे शिकून पोटाला काय?'

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या बापाचा आम्ही कधी उपहास केला नाही. पण त्यांस आम्ही एक उलट प्रश्न केला : आपल्या मागावरच्या सुताचा भाव कोण ठरवितो? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हा कदाचित या प्रश्नाचे उत्तर पेठेतल्या पेठेत मिळत असेल. आज ते तसे मिळत नाही. कोणत्या देशाने कोणत्या देशास किती कापड विकावे, याचे कोटे १९७४ पासून एका जागतिक कराराने बांधलेले होते. ते १ जानेवारी २००५ रोजी उठले आणि साऱ्या जगाचा कापडबाजार हलला. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर आयात शुल्क बसले, एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांपुरते उठविले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांपर्यंत नेली. या वार्ता दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या. पण खर्चीवाल्याची मजुरी त्यांनीच खाली-वर होते. मग हे व्यवहार जाणणारा एखादा मनुष्य विणकराच्या घरातून का निघू नये?

कोणी म्हणेल, ही कामे मोठ्या शहरांतील मोठ्या घरांची. त्यांनी शिरोळ तालुक्यातील अब्दुललाटकडे पाहावे. श्री. ज्ञानेश्वर मुळे हे त्या गावचे. कोल्हापूरच्या विद्यानिकेतनात आणि पुढे तेथीलच शहाजी छत्रपती महाविद्यालयात शिकून ते १९८३ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाले. मालदीवमध्ये ते भारताचे उच्चायुक्त होते, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत होते आणि अखेरीस परराष्ट्र मंत्रालयाचे सचिव झाले. यातला बारकावा विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी आंतरराष्ट्रीय संबंधांचीच पदवी लागते, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे; ती खोटी आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. ज्याचे लक्ष्य केवळ ती परीक्षा आहे, त्याने विद्यापीठाच्या नावासाठी घर गहाण टाकू नये. ज्यास या विषयात अध्यापन, संशोधन, वृत्तपत्रव्यवसाय किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांतील काम करावयाचे आहे, त्याला मात्र कोठे शिकलो याचा विचार करावा लागतो. आपण यांपैकी कोण, हे ठरविल्याशिवाय यादी करावयास बसू नये.

आता यादीविषयी बोलतो. त्याआधी एक कबुली दिली पाहिजे, कारण या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार आमच्याच एका चुकीतून आलेला आहे.

२०२२ साली आपल्याच समाजातील एक हुशार मुलगी आमच्याकडे सल्ल्यासाठी आली. वडिलांचे चार माग, तेही मजुरीवर. तिला दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र घ्यावयाचे होते. केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा त्याच वर्षी सुरू झाली होती. आम्ही तिला म्हटले, 'तुझी तयारी चांगली आहे, दुसरीकडे अर्ज करून पैसे कशाला घालवतेस?' तिने परीक्षा दिली. निकाल सप्टेंबरात लागला आणि गुणही उत्तम मिळाले. परीक्षेच्या अर्जात विद्यापीठाचे नाव लिहिले म्हणजे तेथे प्रवेशाचा अर्ज झाला, असा आमचा ग्रह होता. वस्तुतः परीक्षेनंतर त्या विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हे आम्हांस कळले तेव्हा मुदत टळून गेली होती. तोवर इकडच्या महाविद्यालयांचे वर्गही भरून वाहू लागले होते. ते वर्ष तिने घरी कांड्या भरण्यात आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेण्यात काढले. तिच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही, ही गोष्ट आमच्या मनास अधिक लागून राहिली आहे.

चुका दोन झाल्या. नोंदणीची माहिती नव्हती ही पहिली. पण खरी चूक दुसरीच. एकाच व्यापाऱ्याच्या सुतावर चारही माग लावणारा मनुष्य मंदीत सर्वांआधी बसतो, हे आपल्यातले पोरसवदा कामगारही जाणतात. मागाच्या बाबतीत जे शहाणपण आपण पाळतो, ते मुलांच्या अर्जांच्या बाबतीत आम्ही विसरलो.

पुढच्या वर्षी त्या मुलीसमवेत बसून आम्ही सात नावांची यादी केली. तिच्याच आधाराने पुढील विवेचन करतो.

अशी यादी करताना लोक वरून आरंभ करतात. आमचे मत असे की ती खालून करावी. जेथे आपल्या गुणांवर प्रवेश बहुधा मिळणारच, असे ठिकाण प्रथम लिहावे. ते लिहिताना दोन कसोट्या लावाव्यात. तेथील फी आणि राहण्याचा खर्च घरास कर्ज न काढता झेपेल काय? आणि दुसरे कोठेच जमले नाही, तर मूल तेथे आनंदाने जाईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते ठिकाण यादीत असूनही नसल्यासारखेच. आपल्या भागात कोल्हापूरच्या महाविद्यालयांतून राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय घेऊन पदवी करता येते. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. जोडीला एखादी परकी भाषा शिकावी. घरी राहून, एस. टी.च्या पासावर शिकणे यात कमीपणा मानण्याची वृत्ती अलीकडे दिसते. तिला अब्दुललाटचे उदाहरण पुरेसे आहे.

त्यावरची पायरी पुण्या-मुंबईची. फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयासारख्या ठिकाणी राज्यशास्त्र घेऊन पदवी करावी, आणि त्याच शहरात पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, रशियन, जपानी यांपैकी एक भाषा शिकावी, ही योजना आम्हांस फार पसंत आहे. परराष्ट्रसंबंधांच्या विद्यार्थ्यास परकी भाषा नसेल, तर तो कानाने अधू राहतो. मुंबईत, पुण्यात काही स्वायत्त महाविद्यालये स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिच्या तारखा निकालाच्या आधीच पाहून ठेवाव्या लागतात.

मग अवघड नावे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ पासून आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे याच विषयाची पदवी घेता येते. सरकारी विद्यापीठात ही सोय विरळा. दिल्ली विद्यापीठाची राज्यशास्त्राची पदवी सर्वांस ठाऊक आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे नाव मुलांच्या तोंडी सर्वांत आधी येते, आणि सर्वाधिक घोटाळाही तेथेच होतो. १९५५ साली निघालेली आंतरराष्ट्रीय अध्ययनाची जुनी संस्था पुढे १९७० साली या विद्यापीठात विलीन झाली. तिची कीर्ती आहे ती एम. ए. आणि संशोधनासाठी. बारावीनंतर तेथे आंतरराष्ट्रीय संबंधांची बी. ए. नाही, परकी भाषांची आहे. हे न कळता 'जे. एन. यू.' असे मोठ्या अक्षरांत लिहून बसलेला विद्यार्थी आम्ही पाहिला आहे. दिल्लीतच २०१० साली सुरू झालेल्या दक्षिण आशियाई विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांची एम. ए. आहे, तेही नाव तीन वर्षांनंतरच्या यादीसाठी टिपून ठेवावे.

सोनिपत आणि अन्यत्र निघालेल्या मोठ्या खाजगी विद्यापीठांविषयी एवढेच सांगतो की तेथील शिक्षण चांगले असले, तरी वार्षिक खर्च लाखांच्या हिशेबात जातो. शिष्यवृत्तीचे पत्र हाती पडेपर्यंत ती नावे अवघडातच धरावीत, मग मुलाचे गुण कितीही असोत. प्रवेश सोपा आणि पैसा अवघड असे ठिकाण हे अवघडच.

परदेशाचा मोह पदवीपूर्व शिक्षणासाठी आवरावा, असे आमचे मत आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र मार्ग मोकळा आहे. अनुसूचित जातींकरिता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आणि इतर मागास प्रवर्गांकरिता निराळी, अशा राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. त्या जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आतील विद्यापीठांनाच लागू होतात. म्हणून तेव्हाची यादी करताना विद्यापीठाचे नाव ऐकून न भुलता आधी शासनाची त्या वर्षाची जाहिरात वाचावी.

नावांची निवड झाली म्हणजे काम झाले असे समजू नये. आपली मुले बहुधा कागदांपाशी अडतात. राज्याची जातींची यादी निराळी, केंद्राची निराळी, आणि दाखल्याचा नमुनाही निराळा. राज्यातील महाविद्यालयात चाललेला दाखला दिल्लीच्या विद्यापीठात चालत नाही. तेथे केंद्राच्या नमुन्यातील, उन्नत गटात मोडत नसल्याचा आणि चालू आर्थिक वर्षातला दाखला मागतात. तो निकालानंतर काढावयास गेलेला मनुष्य प्रांत कचेरीच्या रांगेत उभा राहतो आणि तिकडे जागा भरून जातात. दुसरे असे की राज्यातील प्रवेश आधी होतात आणि केंद्रीय विद्यापीठांच्या याद्या मागाहून लागतात. तेव्हा इकडे फी भरून जागा धरून ठेवावी लागते. पुढे प्रवेश रद्द केल्यास परतावा किती आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळतो, हे फी भरण्यापूर्वी लेखी पाहून ठेवावे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो देण्यापूर्वी साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात. अर्जांच्या शुल्काचाही हिशेब आधीच मांडावा. सातांऐवजी पाचच झेपत असतील तर पाच करावेत. पण गाळावयाचे ते वरचे नाव, खालचे नव्हे.

मुलींच्या बाबतीत वसतिगृहाचा प्रश्न प्रवेशाहून मोठा होऊन बसतो. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांच्या प्रेरणेने आणि आश्रयाने निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली, म्हणून खेड्यांतली मुले शिकली. पुण्या-दिल्लीला तशी सोय प्रत्येकास नाही. यादीतील प्रत्येक नावासमोर वसतिगृह आहे की नाही, हेही लिहावे. 'मुलीला इतक्या दूर कसे पाठवावे' असे म्हणणाऱ्या आई-बापांशी आम्ही वाद घालीत नाही. त्यांना आम्ही ते वसतिगृह एकदा डोळ्यांनी पाहून येण्यास सांगतो. पाहून आलेल्यांपैकी बहुतेकांचा विरोध मावळतो, असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलीस दुसऱ्या वर्षी दिल्लीची जागा मिळाली नाही. त्या वेळचे गुण थोडे कमी पडले. यादीतील मधल्या नावांपैकी पुण्याच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. तेथे ती राज्यशास्त्र शिकत आहे, संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गास जाते आणि एम. ए. साठीची यादी तिची तीच करीत आहे. तिने ती आम्हांस दाखविली. खालचे नाव प्रथम लिहिले होते.

केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी छापून सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. ज्यांची मुले यंदा बारावीस आहेत त्यांनी पंगतीस बसण्यापूर्वी तिची एकेक प्रत घ्यावी. प्रती मोजक्याच आहेत.