सुगम्यतेची परीक्षा आणि विद्यापीठाची तिजोरी



विद्येचें मंदिर सर्वांस खुलें आहे, असें प्रत्येक विद्यापीठ म्हणतें. परंतु हल्लीं त्या मंदिराचा दरवाजा संगणकाच्या पडद्यावर उघडतो. प्रवेशाचा अर्ज, व्याख्यानांचीं टिपणें, परीक्षेचें वेळापत्रक, सारें तेथेंच. अंध विद्यार्थी हें सारें स्क्रीन रीडर नांवाच्या प्रणालीच्या साहाय्यानें ऐकतो. पण टिपणाचें नुसतें छायाचित्र चढविलेलें असेल, तर ती प्रणाली बहुधा मुकी होते. चित्रफितीखालीं शब्द नसतील, तर बहिऱ्या विद्यार्थ्यास प्राध्यापकांचे केवळ हलणारे ओठ दिसतात.

हे अडथळे सहसा कोणी दुष्टबुद्धीनें घालीत नाहीं. ते अज्ञानांतून उत्पन्न होतात. म्हणून अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठें सुगम्यतेचें व्यावसायिक प्रमाणपत्र मिळविण्यासाठीं आपल्या नोकरवर्गास द्रव्यसाहाय्य देतात. या क्षेत्रांतील व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना २०१४ सालीं स्थापन झाली. तिची पायाभूत परीक्षा अपंगत्वाचे प्रकार, सर्वांस उपयोगी पडेल अशी रचना आणि कायदे या विषयांवर असते; दुसरी, संकेतस्थळें बांधणारांसाठीं असलेली, अधिक तांत्रिक आहे. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षें. तें टिकविण्यास पुढेंही अध्ययन चालू ठेवावें लागतें. हें योग्यच होय. संकेतस्थळांचे जागतिक निकष २००८ नंतर २०१८ मध्यें आणि पुन्हां २०२३ मध्यें वाढविले गेले. त्यांपैकीं २०१८ चे निकष सरकारी विद्यापीठांसही लागू करणारा नियम अमेरिकेच्या न्यायखात्यानें एप्रिल २०२४ मध्यें प्रसिद्ध केला.

परीक्षेचें शुल्क नोकरानें स्वतःच भरावें, असें कोणी म्हणेल. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग संस्थेच्याच कामीं यावयाचा आहे. भिंत उभी राहिल्यावर ती फोडून दार करण्यापेक्षां नकाशांतच दार दाखविणें स्वस्त पडतें.

तथापि शुल्क भरलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें नव्हे. अभ्यासास कामाच्या वेळांतूनच सवड दिली पाहिजे. एकटा तज्ज्ञ हजारों पानें दुरुस्त करूं शकणार नाहीं. म्हणून ग्रंथपाल, अध्यापक व परीक्षा विभागांतील लेखनिक यांनाही ही संधि हवी. नवी प्रणाली विकत घेतांना प्रमाणित माणसाचें मत विचारलें गेलें नाहीं, तर तें प्रमाणपत्र केवळ भिंतीची शोभा ठरेल.

भारतांतही अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्यें झाला, आणि सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं ठरविलें. मराठीपुढें तर एक निराळीच अडचण आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांस शुद्ध दिसतो. पण स्क्रीन रीडर त्याचा भलताच उच्चार करितो. हें ज्ञान परदेशी परीक्षेवर सोंपवून भागणार नाहीं. त्यासाठीं येथल्याच विद्यापीठांनीं शिक्षणाची सोय व खर्चाची तरतूद केली पाहिजे.

अशा खर्चाचा हिशेब किती प्रमाणपत्रें मिळालीं यावरून करूं नये. व्याख्यानाचें टिपण डोळस विद्यार्थ्याच्या हातीं ज्या दिवशीं पडतें, त्याच दिवशीं तें अंध विद्यार्थ्याच्या कानीं पडूं लागलें, तर तो पैसा सत्कारणीं लागला असें समजावें.