शाळेचे कुंपण आणि वस्तीची सुरक्षितता



ग्रंथालय आणि शाळा या समाजाने स्वतःसाठी उभारलेल्या जोडसंस्था होत. म्हणून शतकपूर्तीच्या प्रसंगी शाळेविषयीच्या एका प्रश्नाचा विचार उचित ठरावा. वस्तीच्या सुरक्षिततेसाठी शिक्षकांनी व पालकसंघांनी आवाज उठवावा काय?

सुरतेतील पांडेसरा ही डाइंग-प्रिंटिंगच्या मिलची औद्योगिक वसाहत. खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे व शेजारच्या उधना-लिंबायत भागांत स्थिरावली. भाड्याच्या खोलीतील कामगाराचे नाव पुष्कळदा गावच्याच मतदारयादीत राहते. त्याच्या मुलाचे नाव मात्र येथील शाळेच्या पटावर असते. अशा पालकाला मानाने बोलता येईल अशी जागा म्हणजे पालकसभा.

शिक्षकाने शिकवावे, रस्ता आणि टँकर नगरसेवकाने पाहावेत, असा आक्षेप घेतला जातो. परंतु २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक शिकवणीवर्गाची मुले होती. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायनाच्या विषारी वायूने सहा कामगार मरण पावले. दोन्ही संकटे शाळेच्या कुंपणाबाहेरची होती.

कायदाही कुंपणापाशी थांबत नाही. कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली ९४ मुले जळून मेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, तर समितीचे निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरविले. केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमावलीत तर घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील धोक्याचाही विचार आहे. तेव्हा त्या वाटेवरील अंधार, उघडे गटार वा भरधाव टेम्पो यांविषयी बोलणे ही लुडबूड नव्हे.

मर्यादा मात्र पाळाव्या लागतील. सेवानियमांनी बांधलेल्या शिक्षकाने पक्षाचा वा उमेदवाराचा प्रचार करू नये. पाहिलेले, नोंदलेले तेवढेच सांगावे. मागणी पालकांनी करावी. सभेच्या इतिवृत्तात ठराव लिहून त्याची प्रत महापालिकेस व पोलीस ठाण्यास द्यावी, पोच घ्यावी, पुढील सभेत उत्तर विचारावे. आणखी एक पथ्य अधिक महत्त्वाचे. पांडेसऱ्यात उडिया आणि हिंदी भाषकही राहतात. सुरक्षिततेच्या नावाने परभाषक शेजाऱ्यावर संशय घेतला जाऊ नये. त्याचेही मूल त्याच वाटेने शाळेत जाते.

एवढे पथ्य सांभाळले तर शिक्षक-पालकांचे बोलणे त्यांच्या अधिकारातील तर आहेच, पण ते त्यांचे कर्तव्यही ठरते.